कापूस जगाच्या बाजारात, जात मात्र ‘अंतर्गत बाब’?

हिंगणघाटच्या बाजार समितीत कापसाची गाडी उभी राहते, तोवर तिच्या भावाचा अर्धा निकाल लागून गेलेला असतो. 19 ऑगस्ट 2025 पासून केंद्र सरकारने कापसावरचे 11 टक्के आयात शुल्क उठवले. आधी 30 सप्टेंबरपर्यंत, मग 31 डिसेंबरपर्यंत. म्हणजे नेमके देवळी-समुद्रपूरचा कापूस घरात येण्याचे दिवस! त्याच महिन्यात अमेरिकेने भारतीय मालावर 50 टक्के शुल्क लावले होते, तेव्हा कापड उद्योग सांभाळायला ही सूट, असे सांगण्यात आले. गिरणीमालकाची अडचण खरी असेलही. पण तिची किंमत कोणी मोजायची, हे ठरवताना वर्ध्याला कोणी विचारले?

जागतिकीकरण 1991 साली आले, असे आपल्या शिबिरांमधून शिकवले जाते. वर्ध्यात ते त्याच्या सव्वाशे वर्षे आधी आले होते. 1861 ला अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, मँचेस्टरच्या गिरण्यांचा कापूस अडला आणि साहेबाची नजर हिंगणघाटच्या कापसावर गेली. पाठोपाठ रेल्वे आली. युद्ध संपले, भाव पडला. तेव्हाही आपल्याला कोणी विचारले नव्हते. पण तेव्हा राज्य इंग्रजांचे होते, आज संविधान आपले आहे. म्हणून प्रश्न जास्त टोचतो.

1 जानेवारी 1995 पासून जागतिक व्यापार संघटना आहे. नियम सर्वांना सारखे, असे ती म्हणते. प्रत्यक्षात काय झाले? अमेरिकेच्या कापूस अनुदानाविरुद्ध ब्राझीलने 2002 मध्ये तक्रार केली आणि जिंकली. अमेरिकेने अखेर 2014 मध्ये 30 कोटी डॉलर देऊन प्रकरण मिटवले. तिच्या शेतकऱ्यांची मदत रूप बदलून चालूच राहिली. 2003 मध्ये बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या चार गरीब देशांनी हाच प्रश्न उचलला, त्यांच्या हाती आश्वासनांपलीकडे फारसे लागले नाही. उलट 2018 मध्ये अमेरिकेनेच भारतावर बोट ठेवले, की तुमचा कापसाचा हमीभाव मर्यादेबाहेर आहे. ही मर्यादा मोजायची कशी, तर 1986-88 च्या किमती धरून! आणि दाद मागायची तर संघटनेचे अपील मंडळ डिसेंबर 2019 पासून ठप्प आहे, कारण नव्या सदस्यांच्या नेमणुका अमेरिकाच अडवते.

पण सगळा दोष अमेरिकेवर टाकून आपल्या सरकारला मोकळे सोडायला आम्ही तयार नाही. संविधानाच्या सातव्या अनुसूचीत शेती हा राज्याचा विषय आहे, राज्यसूचीतील नोंद 14. परकीय करार हा केंद्राचा विषय, संघसूचीतील नोंदही 14 च. योगायोग म्हणा. कराराची अंमलबजावणी करायची तर कलम 253 प्रमाणे संसद राज्याच्या विषयावरही कायदा करू शकते. मात्र करारावर सही करण्याआधी संसदेची मंजुरी घेण्याची सक्ती कुठेच नाही. सही मंत्रिमंडळाची आणि भोग वर्ध्याचा, असा हा व्यवहार आहे.

आता 2001 साल आठवा. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये डर्बनला वंशभेदविरोधी जागतिक परिषद भरली. जातीचा प्रश्न तिथे यावा म्हणून दलित कार्यकर्ते धडपडत होते. भारत सरकारने विरोध केला : जात ही आमची अंतर्गत बाब आहे. दोनच महिन्यांनी, नोव्हेंबरमध्ये, दोहाला व्यापाराच्या नव्या वाटाघाटी सुरू झाल्या आणि त्यात शेतीही होती. शेतकऱ्याचा हमीभाव जगापुढे चर्चेला चालतो, आणि अस्पृश्यता मात्र घरातली गोष्ट? गंमत अशी, की 1965 च्या वंशभेदविरोधी करारात ‘जन्मवंश’ हा शब्द घालण्याची सूचना भारताचीच होती. संयुक्त राष्ट्रांच्या समितीने 2002 मध्ये स्पष्ट केले, की त्या शब्दात जात येते. आपले सरकार ते मानायला तयार नाही.

यावर आपल्या जिल्ह्यात एक उत्तर तयारच असते. सेवाग्राम जवळ असल्यामुळे असेल, स्वदेशी आणि ग्रामस्वराज्य. आम्हाला ते पटत नाही. त्या गावात जमीन कोणाची होती आणि वेठ कोणाला होती? बाबासाहेबांनी 4 नोव्हेंबर 1948 ला संविधान सभेत या गावव्यवस्थेचे वाभाडे काढलेच आहेत. ‘खुला बाजार येऊ द्या’ म्हणणाऱ्यांशीही आमचे जमत नाही. या दोन्ही भांडणांत ‘शेतकरी’ म्हणजे सातबारावर नाव असलेला माणूस. कापूस वेचणाऱ्या बाया, ज्यांत आपल्या वस्त्यांतल्या कितीतरी भूमिहीन बाया आहेत, त्यांचा हिशेब किलोवर होतो. भाव पडला की सगळ्यात आधी त्यांच्या मजुरीवर घासाघीस होते. भाव चढला तर ती त्याच प्रमाणात चढते का, हे आपापल्या गावात विचारून पाहा. जिनेव्हाच्या कुठल्या तक्त्यात या बाईसाठी रकाना आहे?

बाबासाहेब जगापासून दूर पळाले नाहीत. गोलमेज परिषदेत त्यांनी अस्पृश्यांचा प्रश्न लंडनला नेला. 1946 मध्ये त्यांनी डब्ल्यू. ई. बी. डू बॉईस यांना पत्र लिहून, अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागवली. आपला अर्जही त्या दारात जाऊ शकतो का, हे ते चाचपत होते.

म्हणून तरुण कार्यकर्त्यांकडे आमचा आग्रह दोन गोष्टींसाठी आहे. कुठलाही व्यापार करार संसदेच्या मंजुरीशिवाय आणि शेतीचा भाग राज्याच्या विधिमंडळात चर्चेला आल्याशिवाय लागू होऊ नये, ही मागणी येत्या मोर्चाच्या निवेदनात पहिल्या क्रमांकावर लिहा. दुसरी, त्या चर्चेत वेचणीच्या मजुरीचा हिशेब वेगळा मांडला जावा. सरकार तो मांडणार नाही. आर्वी, सेलू, समुद्रपूरच्या शाखांनी येत्या हंगामात वेचणी कितीने झाली आणि कापूस कितीने विकला, हे गावोगाव वहीत टिपायला सुरुवात करावी.

जय भीम!