काळ्या ओढणीची भीती कुणाला?

मोठ्या नेत्याची सभा असली की गावोगावच्या बचत गटांना निरोप येतो. पुढच्या रांगा भरायला बायका हव्या असतात ना! दारात पर्स तपासतात, डबा उघडून दाखवावा लागतो, पाण्याची बाटली बाहेर राहते. याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण मैत्रिणींनो, ‘काळी ओढणी काढून ठेवा’ असं कुणी म्हटलं तर?

असं खरंच घडलंय. जानेवारी २०१९ मध्ये झारखंडमधल्या पलामूत पंतप्रधानांची सभा होती. त्याआधी तिथल्या पॅरा-शिक्षकांनी मुख्यमंत्र्यांना काळे झेंडे दाखवले होते. म्हणून सभेला काळी शाल, काळा स्वेटर, अगदी काळे मोजेही चालणार नाहीत, असं पोलिसांनी कळवलं. यात कुठला एकच पक्ष दोषी आहे असंही नाही. जून २०२२ मध्ये केरळात मुख्यमंत्री पिनरायी विजयन यांच्या कार्यक्रमांत लोकांना काळे मास्क काढायला लावल्याच्या बातम्या आल्या. अशी बंदी नाही, असा खुलासा नंतर झाला.

सुरक्षा म्हणजे नुसता थाट, असं मात्र मी म्हणणार नाही. २० जानेवारी १९४८ ला गांधीजींच्या प्रार्थनासभेत बॉम्ब फुटला, तरी येणाऱ्यांची झडती घ्यायला त्यांनी नकार दिला. दहा दिवसांनी काय झालं ते आपण जाणतो. १९८४ मध्ये इंदिराजींना त्यांच्याच अंगरक्षकांनी मारलं. २१ मे १९९१ ला श्रीपेरुम्बुदुरला राजीव गांधींच्या पाया पडायला वाकलेल्या बाईच्या कपड्यांखाली स्फोटकं होती. आणि हातात? हार!

गंमत बघा, यातला एकही मारेकरी काळा झेंडा घेऊन आला नव्हता. कुणी नमस्कार करत आला, कुणी हार घेऊन, तर कुणी चक्क पहाऱ्यावरच होता. ज्याला जीव घ्यायचाय तो आपला हेतू लपवतो. झेंडेवाल्याला मात्र सगळ्यांनी बघावं असंच वाटत असतं. मग झडती शस्त्राची घ्यायची की मताची?

आपली राज्यघटना याबाबतीत स्पष्ट आहे. भाषणस्वातंत्र्यावर वाजवी बंधनं घालायला कलम १९(२) मध्ये आठ कारणं दिली आहेत. देशाची सुरक्षितता, सार्वजनिक सुव्यवस्था, चिथावणी वगैरे. ‘मंत्र्यांना अवघडल्यासारखं होईल’ हे कारण त्यात नाही. नुसता काळा झेंडा दाखवणं हा गुन्हा नाही, असं केरळ उच्च न्यायालयानेही नोव्हेंबर २०२४ मध्ये सांगितलं. आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतल्या जंतरमंतरवर निदर्शनांना सरसकट बंदी मान्य केली नाही. बंदी नको, नियम करा, असं सांगितलं.

पण दगड म्हणजे मत नव्हे. १९६७ मध्ये भुवनेश्वरच्या सभेत दगड लागून इंदिराजींच्या नाकाचं हाड मोडलं. शाईफेकही मला पटत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये पिंपरी-चिंचवडला मंत्री चंद्रकांत पाटील यांच्यावर शाई फेकली गेली, तो गुन्हाच होता. पण त्याला आधी थेट खुनाच्या प्रयत्नाचं कलम लावलं, आणि मग ते काढलं. रागाच्या भरात कलमं लावली की असंच होतं.

सगळ्यात जास्त जाच होतो तो प्रतिबंधात्मक कारवाईचा. दौऱ्याच्या आदल्या दिवशी कार्यकर्त्यांना ठाण्यात नेऊन बसवायचं. दखलपात्र गुन्हा टाळण्यासाठी पोलिसांना हा अधिकार आहे. पूर्वी तो कलम १५१ खाली होता, जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७० खाली आहे. पण हातात पाण्याच्या प्रश्नाचं निवेदन असणं हा कुठला गुन्हा?

१९७२-७३ च्या महागाईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यासोबत हजारो बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. आज ती लाटणी दारातच जप्त झाली असती!

मला विचाराल तर तोडगा फार अवघड नाही. बॅगा जरूर तपासा, बायकांची झडती बाईपोलिसानेच आणि आडोशाला घ्या, व्यासपीठापासून अंतरही ठेवा. पण नेत्याला दिसेल, ऐकू येईल अशी एक जागा विरोध करणाऱ्यांसाठी राखा. नाहीतर साहेबांना दिसणार फक्त हार आणि पुढच्या रांगेतल्या आपण, छान साड्या नेसून बसलेल्या. नळाला आठ दिवस पाणी नाही, हे त्यांना सांगणार कोण?