सभा गप्प राहते तेव्हा

शाळकरी मुलांनी एकमेकांना चिडवणे नवे नाही. जाड भिंगांचा चष्मा, बोलताना अडखळणारी जीभ, सावळा रंग, वडिलांचा व्यवसाय, यांपैकी काहीही एखाद्या टोपणनावाला पुरेसे असे. परंतु त्या छळालाही एक सीमा होती. शेवटची घंटा झाली, दप्तर पाठीवर आले आणि घराचा उंबरठा ओलांडला की दुसऱ्या दिवसापर्यंत मूल सुरक्षित असे. भ्रमणध्वनीने हा उंबरठा पुसून टाकला आहे. वर्गाच्या व्हॉट्सॲप गटात रात्री अकरा वाजता कुणाचे तरी विद्रूप केलेले छायाचित्र येऊन पडते. त्याखाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागते. सकाळी त्याच मुलांसमोर जाऊन बसायचे आहे या धास्तीने एक मूल रात्रभर जागे राहते. आईवडील शेजारच्याच खोलीत असतात आणि तरीही ते मूल एकटे असते.

याला गंमत म्हणायचे की छळ, असा प्रश्न शाळांमधून हमखास विचारला जातो. त्याचे उत्तर अभ्यासकांनी फार पूर्वी देऊन ठेवले आहे. नॉर्वेमध्ये १९८२च्या अखेरीस तीन शाळकरी मुलांनी जीवन संपवले. सोबत्यांकडून झालेला छळ त्यामागे असल्याचे पुढे आल्यावर तो देश हादरला आणि १९८३मध्ये तेथे शाळांतील छळाविरुद्ध राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. त्या मोहिमेशी निगडित असलेले मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेयस यांनी छळाची तीन लक्षणे सांगितली: दुखावण्याचा हेतू, पुनरावृत्ती आणि बळाची विषमता. ही तिन्ही लक्षणे सायबर छळालाही लागू पडतात, फक्त त्यांचे रूप पालटते. येथे पुनरावृत्तीसाठी छळणाऱ्याला पुन्हा काही करावेच लागत नाही. एकदा टाकलेले चित्र इतरच पुढे पाठवत राहतात. बळ मनगटात नसते, ते खोट्या खात्याच्या आडोशात आणि गटाच्या संख्येत असते. शिवाय समोरच्याच्या डोळ्यांतील पाणी दिसत नसल्यामुळे एरवी ज्या क्षणी हात आवरला गेला असता, तो क्षण येतच नाही.

भारतात हा प्रश्न समाजमाध्यमांपेक्षाही जुना आहे. २००१मध्ये दिल्लीतील एका शाळेच्या विद्यार्थ्याने आपल्या वर्गातील मुली आणि शिक्षिका यांच्याविषयी अश्लील मजकूर असलेले संकेतस्थळ तयार केले. तक्रार झाली, पोलिसांची कारवाई झाली. या मुलाला त्याच्या रूपावरून वर्गात सतत चिडवले जात होते, हेही तेव्हा समोर आले. त्यामुळे त्याचे कृत्य क्षम्य ठरत नाही. मात्र आजचा पीडित उद्याचा पीडक होऊ शकतो आणि वर्गातील चिडवणे वेळीच थांबवणे हे दोघांच्याही हिताचे असते, एवढा बोध त्यातून घ्यायलाच हवा. पुढे मे २०२०मध्ये, टाळेबंदीच्या काळात, दिल्लीतीलच काही शाळकरी मुलांचा इन्स्टाग्रामवरील एक गट उघडकीस आला. ओळखीच्या मुलींची छायाचित्रे तेथे परस्पर टाकली जात आणि त्यांवर हीन शेरेबाजी चाले. याच प्रकरणाशी जोडून देशभर फिरलेले एक संभाषण मुळात त्या गटातील नव्हतेच. एका मुलीने मुलाचे नाव धारण करून ते केले होते, असे पोलीस तपासात निष्पन्न झाले. तोवर हजारो सुजाण प्रौढांनी संतापाच्या भरात ते पुढे पाठवले होते. ज्या सवयीबद्दल मुलांना बोल लावायचा, ती मोठ्यांकडेही पुरेपूर आहे.

येथेच या प्रश्नाचे मर्म आहे. छळणारी मुले एक-दोनच असतात, छळ सोसणारे बहुधा एकटेच असते. उरलेला सगळा वर्ग पाहत असतो. फिनलंडमधील संशोधिका क्रिस्टिना साल्मिवाली यांनी १९९६मध्ये या पाहणाऱ्यांचाच अभ्यास मांडला. काही छळणाऱ्याला साथ देतात, काही हसून प्रोत्साहन देतात, काही अलिप्त राहतात आणि थोडे पीडिताच्या बाजूने उभे राहतात, असे त्यांनी दाखवून दिले. हसणाऱ्यांचे हसू थांबले की छळण्यातील गोडी संपते, या सूत्रावर तुर्कू विद्यापीठाने ‘किवा’ नावाचा उपक्रम बेतला आणि २००९पासून तो फिनलंडच्या शाळांमध्ये मोठ्या प्रमाणावर राबवला गेला.

मराठी घरातील मुलाला हे सूत्र समजावण्यासाठी फिनलंडपर्यंत जाण्याचीही गरज नाही. द्यूतसभेत दुःशासनाचे हात जेवढे दोषी होते, तेवढेच भीष्म-द्रोणांचे मौनही दोषी ठरले. त्या सभेत विदुर बोलला आणि धृतराष्ट्राच्या पुत्रांपैकी एकटा विकर्ण उठून उभा राहिला. त्याचे कुणी ऐकले नाही, कर्णाने तर त्याला पोरकट ठरवले. तरीही महाभारतकारांनी त्याचे नाव नोंदवून ठेवले आहे. आज वर्गाच्या गटात विकर्ण होण्यासाठी भाषण करावे लागत नाही. आलेले चित्र पुढे न पाठवणे, ज्याची चेष्टा झाली त्याला ‘मी तुझ्याबरोबर आहे’ एवढे कळवणे आणि विश्वासातील मोठ्या माणसाला सांगणे, एवढे पुरते. सांगणे म्हणजे चहाडी नव्हे, हा फरक मुलांना घरात आणि शाळेत शिकवावा लागेल.

पीडित मूल मात्र बहुधा बोलत नाही. छळणाऱ्यापेक्षा त्याला घरच्यांची अधिक भीती वाटते. ‘तूच काहीतरी केले असशील’, ‘तरी सांगत होतो, तो फोन नको म्हणून’, ही वाक्ये ऐकावी लागतील आणि फोन काढून घेतला जाईल, हे त्याला ठाऊक असते. फोन जाणे म्हणजे उरलेसुरले मित्रही जाणे. म्हणून भूक मंदावणे, झोप उडणे, संदेशाचा आवाज होताच दचकणे, शाळेच्या वेळी पोट दुखणे, अचानक गुण घसरणे, या खुणा पालकांनीच ओळखायच्या असतात. मूल बोलू लागले की पहिले काम ऐकण्याचे. दुसरे काम पुरावा जपण्याचे. संदेश पुसण्यापूर्वी तारीख, वेळ आणि खात्याचे नाव दिसेल असा स्क्रीनशॉट घ्यावा, मग त्या खात्याची तक्रार करून ते बंदिस्त करावे. चित्र अश्लील असेल तर मात्र पुरावा म्हणूनही ते कुणाला पाठवू नये, थेट पोलिसांना दाखवावे. समोरच्या पालकांच्या दारात जाऊन भांडणे किंवा सोसायटीच्या गटात नावे जाहीर करणे, याने मुलाची विटंबना दुप्पट होते.

कायदा याबाबत काहीच करू शकत नाही, हा समजही दूर व्हायला हवा. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ ए सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द ठरवले, हे खरे. पण दुसऱ्याचा पासवर्ड वापरणे किंवा दुसऱ्याच्या नावाने फसवणे (कलमे ६६ सी व ६६ डी), खासगी अवयवांची छायाचित्रे पसरवणे (६६ ई), बालकांविषयीचे अश्लील साहित्य (६७ बी) ही कलमे लागू आहेत. लैंगिक स्वरूपाच्या छळासाठी २०१२चा पॉक्सो कायदा आहे. राष्ट्रीय सायबर गुन्हे संकेतस्थळावर तक्रार नोंदवता येते. १०९८ हा बालकांसाठीचा साहाय्य क्रमांक आहे आणि मुलाचे मन खचले असेल तर टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर समुपदेशक भेटतो. मूल जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा बोलू लागले, तर त्याला एकटे न सोडता तत्काळ डॉक्टरांची मदत घ्यावी.

‘हे शाळेबाहेर घडले, आमचा काय संबंध?’ असे एखाद्या मुख्याध्यापकांनी म्हटले, तर त्यांना १९९९चा महाराष्ट्र रॅगिंग प्रतिबंधक कायदा दाखवावा. हा कायदा महाविद्यालयांपुरता समजला जातो, पण त्याच्या व्याख्येत शिक्षण देणाऱ्या इतर संस्थाही येतात. विद्यार्थ्याला लाज, भीती वा मानसिक इजा होईल असे चिडवणे, शिव्या देणे, धमकावणे हे त्यात रॅगिंग ठरते आणि ते संस्थेच्या आत किंवा बाहेर, दोन्हीकडे निषिद्ध आहे. तक्रार आल्यावर सात दिवसांत चौकशी करणे संस्थाप्रमुखावर बंधनकारक आहे. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१५मध्ये आपल्या शाळांना छळविरोधी समित्या नेमण्याच्या सूचना दिल्या. राज्य शासनाने २०२२मध्ये शाळांत सखी सावित्री समित्या स्थापन करण्याचे ठरवले. या समित्यांवर कोण आहे, त्यांची बैठक केव्हा झाली, हे पालकसभेत विचारण्याचा अधिकार प्रत्येक पालकाला आहे. तो वापरला गेला नाही, तर समित्या कागदावरच राहतात.

ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५पासून सोळा वर्षांखालील मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास बंदी केली आहे. येथेही तशी मागणी होते. तिचा विचार अवश्य व्हावा. परंतु त्या बंदीतून व्हॉट्सॲपसारखी संदेशसेवा वगळलेली आहे आणि आपल्याकडे वर्गाचे गट तर तेथेच चालतात. तेव्हा कायद्याच्या कुंपणावर विसंबून घराने आपले काम सोडून चालणार नाही.

हे काम सर्वांत अवघड होते ते आपलेच मूल छळणारे निघाल्यावर. ‘आमच्या घरचे संस्कार असे नाहीत’ हा पहिला उद्गार असतो. कार्यकर्त्यांच्या घरांतही तो तितक्याच सहजपणे निघतो. पण संस्कार हा वारशाने मिळणारा दाखला नाही. कुटुंबाच्या गटात कुणाच्या रंगावर, जातीवर, बोलीवर केलेला विनोद वडील हसून पुढे पाठवतात, तेव्हा शेजारी बसलेला मुलगा शिकतच असतो. अशा मुलाला पाठीशी घालणे हा त्याच्यावरचाच अन्याय आहे. त्याचप्रमाणे त्याला कायमचा गुन्हेगार ठरवणेही चूक. कायदासुद्धा अठरा वर्षांखालील आरोपीला विधिसंघर्षग्रस्त बालक म्हणतो आणि सुधारण्याची वाट त्याच्यासाठी मोकळी ठेवतो. त्याने पसरवलेले पुसावे, ज्याला दुखावले त्याची समोरासमोर क्षमा मागावी आणि त्या वेळी आईवडिलांनी त्याच्या शेजारी उभे राहावे. ही शिक्षा कोणत्याही निलंबनापेक्षा अधिक खोल जाते.

शाळा सुरू होताना गणवेश, वह्या आणि दप्तर यांची यादी घरोघरी होते. त्या यादीत मुलाशी अर्धा तास बोलण्याची भर घालावी. ‘तुला कुणी छळते का?’ हा प्रश्न तर विचारावाच, पण त्याहून महत्त्वाचा प्रश्न दुसरा आहे: ‘तुझ्या वर्गात कुणाला छळले जाते आणि तेव्हा तू काय करतोस?’ या दुसऱ्या प्रश्नाला ज्या घरात खरे उत्तर मिळते, त्या घराने आपले निम्मे कर्तव्य पार पाडले असे समजावे.