परवडते, पण किती जणांना?

वऱ्हाडात उन्हाळा आल्याच्या दोन खुणा आहेत. माळ्यावरचा कूलर खाली उतरतो, आणि वर्तमानपत्राच्या घडीतून सहल कंपन्यांची रंगीत पत्रके गळू लागतात. पूर्वी या पत्रकांवर काश्मीर, कुलू-मनाली, उटी असत. आता दुबई, सिंगापूर, बँकॉक, बाली असतात. अमरावतीच्या राजापेठेत ती जेवढी दिसतात तेवढीच अकोल्याच्या रतनलाल प्लॉटमध्ये. किमतीच्या पुढे बारीक अक्षरांत 'पासून' असा एक शब्द असतो. अमुक हजारांपासून. हा 'पासून' घरात शिरला की दोन-तीन दिवस तरी शांतता नसते.

वाद ठरलेला असतो. तरुण मंडळी म्हणतात, केरळला किंवा गोव्याला जेवढे लागतात तेवढ्यात थायलंड होते, मग इथेच काय फिरायचे? वडीलधारे म्हणतात, चिखलदरा धड पाहिला नाही आणि निघाले समुद्र ओलांडायला. दोन्ही बाजू तावातावाने बोलतात; कागद-पेन्सिल मात्र कोणी घेत नाही. माझी नोकरी बँकेत झाली, दिवसा लोकांचे हिशेब तपासले आणि रात्री कादंबऱ्या लिहिल्या. त्यामुळे असा वाद कानावर आला की मी आधी आकडे विचारतो आणि मग माणसे मोजतो.

आमच्या पिढीच्या लहानपणी 'परदेश परवडतो का' हा प्रश्न पडण्याचीच सोय नव्हती. ६ जून १९६६ रोजी रुपयाचे अवमूल्यन झाले आणि ४ रुपये ७६ पैशांचा डॉलर साडेसात रुपयांचा झाला. परकीय चलन सरकार चिमटीने देई. शिकायला निघालेला मुलगा खिशात आठ डॉलर घालून विमानात बसे. मध्यमवर्गाने विलायत पाहिली ती पु. ल. देशपांडे यांच्या १९६० सालच्या 'अपूर्वाई'त, तीही ग्रंथालयाची प्रत रांगेत वाट पाहून मिळाली तर. पुढे १९९१ नंतर दारे किलकिली झाली. ४ फेब्रुवारी २००४ रोजी रिझर्व्ह बँकेने वर्षाला माणशी २५ हजार डॉलर बाहेर नेण्याची मुभा दिली. २०१५ पासून ही मर्यादा अडीच लाख डॉलर आहे. म्हणजे कायद्याचा अडसर गेला, उरला तो खिशाचा. आणि डॉलर तर डिसेंबर २०२४ मध्येच ८५ रुपयांच्या पुढे निघून गेला.

आम्हा बँकवाल्यांच्या फिरण्याला एलएफसीचा टेकू असे. चार वर्षांतून एकदा भारतभर कुठेही जा, भाडे बँकेचे. हे आपल्या पैशाचे नाही म्हटल्यावर माणसाची कल्पनाशक्ती किती फुलते, ते मला कादंबरीकार म्हणून फार मोलाचे वाटते. स्टेट बँकेच्या काही कर्मचाऱ्यांनी या सवलतीत केलेल्या प्रवासांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. त्यातला एक मार्ग होता दिल्ली, मदुराई, कोलंबो, क्वालालंपूर, सिंगापूर, पुन्हा कोलंबो आणि दिल्ली! त्यात भारतातले गाव कोणते, तर मदुराई. न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२२ रोजी निकाल दिला, की प्राप्तिकरातली सूट देशातल्या देशात, जवळच्या मार्गाने केलेल्या प्रवासाला आहे. कर्मचाऱ्याने हा विस्तीर्ण देश पाहावा, हा सवलतीचा हेतू होता, याचीही न्यायालयाने आठवण करून दिली. मदुराईच्या मीनाक्षीला या मंडळींनी किती वेळ दिला असेल, ते तिलाच ठाऊक.

आता कागद घेऊ. आकडे धरून चाललो आहे. ज्याने त्याने आपापले घालावेत. नवरा-बायको आणि दोन मुले, मे महिना, सहा रात्री बँकॉक-पट्टाया. मुंबईहून जाण्या-येण्याचे विमान माणशी २८ हजार म्हणजे १ लाख १२ हजार. अमरावती-मुंबई आणि परत १२ हजार. दोन खोल्या, रात्रीला साडेतीन हजारांची एक, ४२ हजार. खाणे, तिकिटे, टॅक्सी ८४ हजार. विमा, फोन, किरकोळ १० हजार. नातेवाइकांसाठी चॉकलेटे आणि स्वतःसाठी खरेदी ४० हजार. या रकमेवर कोणी नाक मुरडेल, पण ही रक्कम कमी झालेली मी कोणाच्याही घरी पाहिली नाही. बेरीज तीन लाख.

तरुणांचे म्हणणे इथे अर्धे खरे ठरते. खोली साडेतीन हजारांना मिळते आणि गर्दीच्या दिवसांत चिखलदऱ्याची खोलीही तेवढ्यालाच मिळते; तिथली बहुधा जास्त स्वच्छ असते. पण ही तुलना पलंगाशी पलंगाची झाली. पलंगापर्यंत पोहोचण्याचे भाडे पलंगाच्या जवळजवळ तिप्पट आहे, ते कोणी बोलत नाही. शिवाय ऑक्टोबर २०२० पासून परदेशी सहलीच्या पॅकेजवर टीसीएस घेतला जातो. त्याचे दर बदलत आले आहेत. विवरणपत्र भरताना तो वळता करता येतो, पण तोवर रक्कम अडकते. विवरणपत्रच न भरणाऱ्याने ती गेली असे समजावे.

खरा घोटाळा होतो तो हे तीन लाख येतात कोठून इथे. कर्जाच्या अर्जात 'कारण' नावाचा एक रकाना असतो. परतवाड्याच्या शाखेत असताना मी त्यात 'घरदुरुस्ती' असे पुष्कळदा वाचले आहे. एका गृहस्थाच्या घराची दुरुस्ती पट्टायाच्या किनाऱ्यावर झाल्याचे मला त्याच्याच फोनमधल्या छायाचित्रांवरून कळले. दोन वर्षांनी तोच मुलीच्या कॉलेजसाठी ठेवलेली मुदतठेव मोडायला आला, तेव्हा छायाचित्रे काढली नाहीत. तीन लाख १२ टक्क्यांनी दोन वर्षांसाठी घेतले तर महिन्याचा हप्ता १४ हजार १२२ रुपये, एकूण फेड सुमारे ३ लाख ३९ हजार. उलट आधी दोन वर्षे आवर्ती ठेवीत साडेसहा टक्क्यांनी महिन्याला ११ हजार ७०० रुपये टाकले, तर २ लाख ८१ हजार भरून तेच तीन लाख हातात येतात. फरक ५८ हजारांचा. केवळ दोन वर्षे धीर धरण्याची ही किंमत आहे, आणि ज्याचे उत्पन्न कापसाच्या भावावर किंवा संत्र्याच्या बहारावर हलते त्याला हप्त्याचा धाक पगारदारापेक्षा दुप्पट.

आता दुसरा कागद. चिखलदरा, तीन रात्री, अकरा माणसे. आजी, काका-काकू, आत्या, नातवंडे. चार खोल्या ४२ हजार, दोन गाड्या १६ हजार, जेवणखाण २२ हजार. एकूण ८० हजार, माणशी सव्वासात हजारांच्या आसपास. तिकडे माणशी ७५ हजार. दहापट! दिवस दुप्पट मिळाले हे धरूनही अंतर पाचपट राहते.

पण मला या दोन कागदांत रकमेपेक्षा डोक्यांचा आकडा बोचतो. पहिल्या कागदावर चार, दुसऱ्यावर अकरा. परदेश परवडतो असे आपण म्हणतो तेव्हा 'कुटुंब' या शब्दातून सात माणसे गुपचूप वजा झालेली असतात. आजीच्या गुडघ्यांचे कारण सांगितले जाते, तिच्या पासपोर्टचा विषय निघतच नाही. पूर्वी वऱ्हाडातली सुटी म्हणजे मामाचे गाव. रात्री गच्चीवर ओळीने गाद्या, पहाटे चुलीवरच्या चहाचा धूर, एखाद्या दिवशी मळ्यात रोडगे आणि वांग्याची भाजी. त्या सुटीला खर्च नव्हता असे नाही, तो मामीच्या कमरेवर पडे आणि कोणी त्याचा हिशेब ठेवत नसे. ती सुटी परत आणा असे मी म्हणणार नाही. मामीला विचारा, ती आधी नाही म्हणेल. पण नातवंड आणि आजी सलग तीन दिवस एका छपराखाली असण्याची तेवढी एकच वेळ वर्षात होती. ती जर फिरायला जाण्यानेच कापली जाणार असेल, तर खर्चाच्या कागदावर तिला ओळ हवी.

मग जवळचे का नको वाटते? त्यात केवळ नव्या पिढीचा तोरा नाही. चिखलदऱ्याची उंची ११०० मीटरच्या वर, महाराष्ट्रात कॉफी पिकणारे ठिकाण, शेजारी १८०३ मध्ये आर्थर वेलस्लीने घेतलेला गाविलगड, खाली १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्पाच्या पहिल्या नऊ जागांत निवडलेला मेळघाट. एवढे असून पावसाळ्यातल्या रविवारी घाटात गाड्यांची रांग लागते आणि बाईमाणसाला स्वच्छतागृहासाठी विचारत हिंडावे लागते. नरनाळ्याच्या महाकाली दरवाजापुढे उभे राहून मुलांना चार शब्द सांगील असा माणूस भेटला तर नशीब. अकोल्याहून खंडव्याला जाणारी मीटरगेज गाडी धुळघाटला डोंगरात स्वतःभोवतीच वळसा घेऊन चढत असे. स्वित्झर्लंडमध्ये ब्रुसिओला असाच वळसा आहे. त्या रेल्वेला २००८ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा ठरवले आणि जगभरचे लोक तिकीट काढून तिच्यात बसतात. आपली गाडी १ जानेवारी २०१७ पासून थांबली. अकोला-अकोट रुंद रुळांवर २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाले, पण धुळघाटचा वळसा मुलांना दाखवायचा राहूनच गेला. परदेशात जाऊन आलेली मुले रांग, स्वच्छता, वेळेवर येणारी बस यांविषयी बोलतात, तेव्हा त्यांना हसू नये. तेवढे पाहण्यासाठी एकदा जाऊन यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. एकदा, साठवलेल्या पैशांनी.

आणखी एक अडचण शाळेची. सुटी संपली की वर्गात विचारतात, कुठे गेला होतास? चिखलदरा म्हटले की मुले पुढच्या बाकाकडे वळतात. हा खर्च कोणत्याही पत्रकात छापलेला नसतो, पण आईबाप तोच भरतात. उन्हामुळे आपल्या विदर्भात शाळा उर्वरित महाराष्ट्राच्या नंतर, जूनच्या अखेरीस उघडतात. तोवर चिखलदऱ्यावर पहिले ढग आलेले असतात. मेमधल्या भाडेवाढीच्या मागे लागण्यापेक्षा हे जूनचे दिवस साधण्यासारखे आहेत, हे फार थोड्यांच्या लक्षात येते.

१६ एप्रिल २०२५ रोजी बेलोऱ्याच्या विमानतळावरून मुंबईचे विमान उडू लागले, तेव्हापासून आमच्या घरी बँकॉकचा विषय जोरात आहे. मुलगा म्हणाला, "बाबा, तुम्हीच हिशेब करून द्या." दिला. त्याने आवर्ती ठेव उघडली आहे, ती दोन वर्षांनी पिकेल. यंदा जूनच्या शेवटच्या आठवड्यात अकरा जण दोन गाड्यांनी चिखलदऱ्याला निघू. खोल्या तळमजल्यावरच्या मागितल्या आहेत, कारण माझी आई शहाऐंशीची आहे. भीमकुंडाच्या टोकापर्यंत ती येणार नाही, गाडीत बसून राहीन म्हणते. तिने तयारीला सुरुवातही केली आहे. काल सुनेला म्हणाली, "पोराईचे स्वेटर घेजा बरं, तिथं लय थंडी रायते."