एकच केबल, तीन नेटवर्क : गावात फायबर येतंय, पण व्हीलॅन कोण लावणार?

दिवाळीत सेनगावला घरी गेलो होतो. तालुक्यातल्या एका कार्यालयात काम होतं. नंबर यायला वेळ होता, म्हणून तिथलं पाहुण्यांसाठीचं वायफाय जोडलं. नेट मस्त चाललं. मग तिथल्या कर्मचाऱ्यांना विचारूनच मोबाईलवर नेटवर्क स्कॅनर अ‍ॅप उघडलं. यादीत ऑफिसचा प्रिंटर, दोन कॉम्प्युटर आणि सीसीटीव्हीचा रेकॉर्डर! यात हॅकिंग काहीच नव्हतं. सगळ्या वायरी एकाच साध्या स्विचमध्ये खुपसलेल्या होत्या, एवढंच.

हा विषय आत्ताच का?

४ ऑगस्ट २०२३ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने १,३९,५७९ कोटी रुपयांच्या सुधारित भारतनेटला मंजुरी दिली. २.६४ लाख ग्रामपंचायती रिंग पद्धतीने जोडायच्या, म्हणजे एका बाजूने केबल तुटली तरी दुसऱ्या बाजूने नेट चालू राहील. बाकीच्या गावांना मागणीनुसार जोडणी. चर्चा सगळी स्पीडची आणि तुटलेल्या केबलची होते. पण फायबर इमारतीत पोचल्यावर त्याच जोडणीवर दाखल्यांचा कॉम्प्युटर, कॅमेरे आणि लोकांचं वायफाय असं सगळं बसतं. ते वेगळं कसं ठेवायचं? याचं उत्तर म्हणजे व्हीलॅन, अर्थात व्हर्च्युअल लॅन.

पोत्यावरची खूण

आपल्याकडे हळद हिंगोलीच्या मार्केटला जाते तेव्हा एकाच टेम्पोत चार शेतकऱ्यांची पोती असतात. प्रत्येक जण आपल्या पोत्यावर रंगाने खूण करतो. टेम्पो एकच, पण उतरवताना माल मिसळत नाही. व्हीलॅन टॅग म्हणजे ही खूण.

नेटवर्कवर डेटा 'फ्रेम' नावाच्या छोट्या पुडक्यांत जातो. आयईईईच्या ८०२.१क्यू या मानकानुसार स्विच फ्रेममध्ये, पाठवणाऱ्याच्या पत्त्याच्या लगेच पुढे, ४ बाइटचा टॅग घुसवतो. त्यातले १२ बिट म्हणजे व्हीलॅनचा नंबर. १२ बिटांत ४०९६ आकडे बसतात. पहिला आणि शेवटचा राखीव, म्हणून वापरायला उरतात ४०९४. आणखी ३ बिट प्राधान्यासाठी असतात, म्हणजे फोन कॉलचा डेटा डाउनलोडच्या आधी सोडता येतो.

समजा ऑफिस १०, कॅमेरे २०, पाहुणे ३०. तुम्ही पाहुण्यांच्या वायफायला जोडलात की वायफायचा डबा तुमच्या फ्रेमवर ३० लावतो. डबा आणि स्विच यांच्यातल्या वायरवरून सगळ्या नंबरांचा माल टॅगसकट जातो. हा ट्रंक पोर्ट. कॉम्प्युटर किंवा कॅमेरा जिथे जोडतात तो अ‍ॅक्सेस पोर्ट, एकाच नंबरचा. तिथून बाहेर पडताना स्विच टॅग काढून टाकतो, त्यामुळे कॉम्प्युटरला टॅगचा पत्ताच नसतो. ३० ची फ्रेम १० च्या पोर्टवर स्विच जाऊच देत नाही.

खूण म्हणजे कुलूप नव्हे

इथेच बरेच जण फसतात. टॅगमुळे डेटा एनक्रिप्ट होत नाही. ट्रंकची वायर हाती लागली तर सगळे नंबर वाचता येतात. दुसरं म्हणजे, सगळ्या व्हीलॅनना इंटरनेट लागतं, म्हणून ते शेवटी एकाच राउटरवर भेटतात. '३० मधून १० कडे जायचं नाही' हा नियम राउटरच्या फायरवॉलमध्ये लिहिला नसेल, तर स्विचने दारातून अडवलेला माणूस राउटरच्या खिडकीतून आत येतो. कागदावर व्हीलॅन आहे, प्रत्यक्षात सगळं मोकळं.

आणि साध्या, अनमॅनेज्ड स्विचवर व्हीलॅन लावताच येत नाही. मॅनेज्ड किंवा स्मार्ट स्विच लागतो. आठ पोर्टचा छोटा स्मार्ट स्विच काही हजारांत मिळतो. म्हणजे अडचण पैशांची कमी आणि 'नेट चालू झालं ना, मग झालं' या सवयीची जास्त.

आपण काय करायचं?

ग्रामसभेत वायफायचा विषय निघाला की तीन प्रश्न विचारा : स्विच मॅनेज्ड आहे का? पाहुण्यांचं वायफाय वेगळ्या व्हीलॅनवर आहे का? दोन्हींच्या मध्ये फायरवॉलचा नियम आहे का? घरी राउटरमध्ये 'गेस्ट नेटवर्क' असेल तर पाहुण्यांना तेच द्या.

त्या ऑफिसातल्या कर्मचाऱ्यांनी यादी बघून मला विचारलं, "मग आता वायफाय बंद करू का?" बंद कशाला? लोकांना नेट हवंच आहे. फक्त पोत्यावर खूण करा, आणि गोदामाला कुलूपही लावा.