न केल्यासारखी रंगभूषा

‘मेकअप न केल्यासारखा मेकअप’ या वस्तूला सध्या फार मागणी आहे. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, वऱ्याचे तांदूळ आणि वर वाटीभर दही एवढे पोटात गेल्यावर ‘आज माझा कडक उपास आहे’ म्हणणाऱ्या माणसाची आठवण करून देणारा हा प्रकार. मोबाइलवरच्या चित्रफितीत एखादी मुलगी दहाबारा बाटल्या ओळीने मांडते आणि पाऊण तासाने सांगते, ‘ही पाहा, उंबरठामधली स्मिता पाटील!’ मला त्या मुलीचा राग येत नाही. जुन्या चित्रपटांतल्या नायिकांसारखे दिसावे असे वाटणे ही काही वाईट हौस नव्हे. निदान त्या निमित्ताने ते चित्रपट तरी पाहिले जातात. माझा आक्षेप निराळा आहे, आणि आमच्या स्नेहसंमेलनातल्या ‘पडद्यावरच्या नायिका’ या स्पर्धेनंतर तो लिहून काढणे मला भाग वाटले.

गेली दोन वर्षे मी महाविद्यालयाच्या एकांकिकांची रंगभूषा सांभाळते. त्यामुळे रंगाच्या डब्याशी माझे वैर नाही, हे आधीच सांगून टाकते. रंगमंचावरचा चेहरा शेवटच्या रांगेतल्या माणसाला वाचता यायला हवा, म्हणून तिथे भुवया ठळक करतो, गालांना सावली देतो. पडद्याचे गणित याच्या अगदी उलट. तिथे कॅमेरा हातभर अंतरावर येतो आणि चेहरा भिंतीएवढा होतो. हात जरा जड पडला की पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत सर्वांना तो दिसतो. म्हणून चित्रपटातल्या साध्या चेहऱ्यावरही थोडेफार काम केलेले असतेच. दिव्यांच्या उष्णतेने येणारा घाम टिपायचा, कपाळावरची चकाकी मारायची आणि पहिल्या दिवशीचा चेहरा महिन्याभराने घेतलेल्या दृश्यात जुळवायचा, यासाठी ते असते. तासाभराच्या स्पर्धेत यातले फारच थोडे लागते.

मग त्या चेहऱ्यांचा साधेपणा येतो कुठून? पुष्कळसा प्रकाशातून. सत्यजित राय यांच्या ‘अपराजितो’ (1956) साठी बनारसच्या घराचे अंगण स्टुडिओत उभारले होते. छायालेखक सुब्रत मित्र यांनी त्यावर पांढरे कापड ताणले आणि दिव्यांचा प्रकाश त्या कापडावरून परतवून खाली आणला. वरून उघड्या असलेल्या चौकात दिवसाउजेडी जसा सावलीविना उजेड पसरतो, तसा तो पसरला. अशा उजेडात चेहऱ्याला फारसे लिंपावेच लागत नाही. आमच्या सभागृहात मात्र समोरून दोन हॅलोजन डोळ्यांत जातात, आणि त्यांनी सपाट केलेला चेहरा पुन्हा उभा करण्यासाठी आम्ही बाटल्या रिकाम्या करतो.

उरलेला साधेपणा येतो भूमिकेतून. जब्बार पटेल यांच्या ‘उंबरठा’ (1982) मधली सुलभा महाजन ही घर सोडून महिला सुधारगृहाची अधीक्षिका झालेली बाई आहे. तिच्या डोळ्यांखालचा थकवा हा तिच्या नोकरीचा भाग आहे. तो कन्सीलरने पुसून टाकला की उरते ती नुसती सुती साडी. ‘जैत रे जैत’ (1977) मधली ठाकर चिंधी उन्हात वाढलेली; तिच्या चेहऱ्याची चमक उन्हाची आणि घामाची आहे, हायलाइटर नावाच्या चांदीच्या भुकटीची नव्हे. आणि ‘भूमिका’ (1977) तर या विषयाचे पाठ्यपुस्तकच म्हणावे लागेल. हंसा वाडकरांच्या ‘सांगत्ये ऐका’ या आत्मकथनावर आधारलेल्या या चित्रपटाची नायिका उषा स्वतःच नटी आहे. तिचा स्टुडिओतला रंगवलेला चेहरा आणि घरातला चेहरा असे दोन चेहरे आपण पाहतो, आणि त्या दोहोंमधल्या अंतरात तिचे सारे आयुष्य सापडते. यातला कुठला चेहरा आपल्याला हवा, हे ठरवल्याशिवाय ब्रश हातात घेण्यात काय अर्थ?

आता स्पर्धेबद्दल. माझी एक मैत्रीण सुलभा होणार होती. ती सावळी आहे, चांगली तजेलदार सावळी. रंगभूषेसाठी बाहेरून एक बाई आल्या होत्या. त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, ‘थोडं उजळ करू या गं, स्टेजवर उठून दिसेल.’

मैत्रीण म्हणाली, ‘पण मावशी, स्मिता पाटील सावळीच होती.’

‘हो गं बाळा, पण ती स्मिता पाटील होती!’

या उत्तरावर काय बोलणार? पंधरा मिनिटांत तिचा चेहरा एका मुलीचा आणि मान दुसऱ्या मुलीची झाली. हात अर्थातच तिचे स्वतःचे राहिले. तिला उत्तेजनार्थ बक्षीस मिळाले आणि परीक्षकांनी ‘हुबेहूब’ असा शेरा दिला. जिच्या सावळ्या रंगाला पडद्याने डोक्यावर घेतले, तिची नक्कल करायला आमच्या मैत्रिणीला तोच रंग पुसावा लागला. आणि तो रंग तिच्याकडे जन्मतः होता, फुकट होता!

आमच्या एका सरांशी या गोष्टीवर वाद झाला. त्यांचे म्हणणे असे, की रंगभूषा म्हणजे सोंगच. विशीतला मुलगा म्हातारा होतो, तर सावळी मुलगी गोरी का होऊ नये? प्रश्न रास्त आहे. भूमिकेने मागितले तर व्हावे. म्हातारपण भूमिका मागते. सुलभेने गोरेपण कधी मागितले? शिवाय हे सोंग दोन्ही बाजूंनी सारखे पडत नाही. राय यांच्यासारख्या जाणत्या दिग्दर्शकानेही ‘अरण्येर दिन रात्रि’ (1970) मध्ये संथाळ तरुणी दुलीच्या भूमिकेसाठी गोऱ्या सिमी गरेवालला काळा रंग लावला. मी त्या चित्रपटाची चाहती आहे, तरीही ते मला खटकते. गोरी मुलगी रंग लावून काळी होते आणि भूमिका मिळवते. काळी मुलगी रंग लावून गोरी होते आणि फक्त ‘उठून दिसते’.

यंत्रेही या बाबतीत निष्पाप नव्हती. कोडॅक कंपनी 1950 च्या दशकापासून छपाईच्या प्रयोगशाळांना नमुन्यादाखल एका गोऱ्या स्त्रीचे छायाचित्र पाठवीत असे. त्याला ‘शर्ली कार्ड’ म्हणत. तिची कातडी नीट उमटली की रंग बरोबर आले असे समजायचे. आपल्याकडे 1975 मध्ये बाजारात आलेल्या ‘फेअर अँड लव्हली’चे नाव 2020 मध्ये ‘ग्लो अँड लव्हली’ झाले, म्हणजे बाटलीवरचा गोरेपणा गेला. मावशींच्या हातातला अजून जायचा आहे.

ज्यांना पुढच्या वर्षी सुलभा किंवा चिंधी व्हायचे आहे, त्यांना रंगपटातल्या अनुभवावरून चार गोष्टी सांगते. फाउंडेशन घ्यायचेच असेल तर त्याची छटा जबड्याच्या कडेवर लावून पाहा, मनगटावर नव्हे, आणि तीही खिडकीशी उभे राहून, ट्यूबलाइटखाली नाही. मानेशी जुळली तरच ती तुमची. साऱ्या तोंडाला लावू नका. नाकाच्या बाजूला, हनुवटीवर, जिथे डाग असेल तिथे बोटाने टेकवा आणि ओल्या कापडाने टिपा. काजळ खालच्या पापणीच्या आत एकदाच फिरवा, ते थोडे पसरले तरी पसरू द्या. भुवया कोरू नका. डोळ्यांखालची वर्तुळे सुलभेची आहेत, ती तशीच ठेवा. मग उरलेला वेळ चित्रपट पुन्हा पाहण्यात घालवा: ती खुर्चीत कशी बसते, समोरच्याचे ऐकून घेताना मान कुठे वळवते. हे सारे बाटलीत मिळत नाही आणि परीक्षकांनी खरे म्हणजे यालाच गुण द्यायला हवेत.

संमेलन समितीपुढे माझी एक सूचना आहे. ही स्पर्धा रात्री सभागृहात न घेता दुपारी चार वाजता ग्रंथालयापुढच्या व्हरांड्यात घ्यावी. तिथे त्या वेळी उजेड चांगला असतो, हॅलोजनचे भाडेही वाचेल. रंगभूषेसाठी बाहेरून कुणाला बोलावू नये. आमच्या एकांकिकेचा डबा मी आणून देईन. त्यात पांढऱ्या रंगाची एक मोठी बाटली आहे. ती मी भुताच्या भूमिकेसाठी राखून ठेवली आहे.