गोळ्यांची चिठ्ठी हा वेडाचा पुरावा नव्हे

मा. मुख्य न्यायमूर्ती,
मुंबई उच्च न्यायालय



स्किझोफ्रेनिया असलेले शुभार्थी आणि त्यांना सांभाळणारे शुभंकर यांच्या एका स्वमदत गटात मी काम करते. गटात येणाऱ्या विवाहित मुलींपैकी काहींच्या पिशवीत औषधांच्या फाइलबरोबर कौटुंबिक न्यायालयाची नोटीसही असते. त्या नोटिशीला जोडलेल्या घटस्फोटाच्या अर्जाच्या भाषेबद्दल हे पत्र आहे. राज्यातली कौटुंबिक न्यायालये आपल्या देखरेखीखाली चालतात, म्हणून ते आपल्याला लिहिते आहे.

अर्जातली वाक्ये ठरलेली असतात. 'जाबदार ही वेडसर आहे.' 'तिच्या डोक्यावर परिणाम झालेला आहे.' 'तिला लग्नाआधीपासून वेडाचे झटके येतात.' पुरावा म्हणून डॉक्टरांची चिठ्ठी, नाहीतर कपाटातल्या गोळ्यांचा मोबाइलवर काढलेला फोटो. चिठ्ठीवर काय असते? रिस्पेरिडोन, रात्री जेवणानंतर एक. त्यावरून एवढेच कळते की ही बाई उपचार घेते. पण एकदा ती चिठ्ठी कागदपत्रांत लागली की तिचे रडणे, तिचा अबोला, सासूला उलट बोलणे, भाजी करपणे, सगळे आजाराच्या खाती जमा होते. तिने काहीही खुलासा केला तरी तो वेडीचाच खुलासा ठरतो.

१९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ मधल्या स्पष्टीकरणात मानसिक विकारांच्या व्याख्येत स्किझोफ्रेनियाचे नाव घालून ठेवले आहे. त्यामुळे हे निदान झाले की घटस्फोट मिळतोच, असा समज वकिलांपासून नातेवाइकांपर्यंत पसरला आहे. कायदा तसे म्हणत नाही. विकार अशा प्रकारचा आणि इतका तीव्र हवा की जोडीदाराने एकत्र राहावे अशी अपेक्षाच करता येऊ नये. राम नारायण गुप्ता विरुद्ध रामेश्वरी गुप्ता या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्येच सांगितले की स्किझोफ्रेनिया सगळ्यांमध्ये सारख्याच तीव्रतेचा नसतो. नुसते निदान पुरत नाही, तीव्रता सिद्ध करावी लागते.

फौजदारी न्यायालयात हा फरक किती काटेकोरपणे पाळला जातो ते पाहा. इंग्लंडमध्ये १८४३ साली डॅनियल मॅकनॉटनच्या खटल्यानंतर जे नियम ठरले, त्यांच्याच वळणाचे भारतीय दंड संहितेचे कलम ८४ होते आणि आज भारतीय न्याय संहितेचे कलम २२ आहे. खुनाचा आरोपी म्हणाला, मला स्किझोफ्रेनिया आहे, तर न्यायालय विचारते: त्या घटकेला, ते कृत्य करताना, आपण काय करतो आहोत किंवा ते चूक आहे हे तुला कळत होते का? ते कळत नव्हते असे दाखवता आले नाही, तर वैद्यकीय निदानाने त्याची सुटका होत नाही. माणूस मारल्याच्या आरोपातही नुसते आजाराचे नाव चालत नाही. मग जिने कोणाचे काही बिघडवलेले नाही तिच्या संसाराचा निकाल त्या नावावर का लागावा?

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने तर हे लिहूनच ठेवले आहे. कलम ३ प्रमाणे, मानसिक आजाराचे निदान झाले म्हणून ती व्यक्ती मनोविकल ठरत नाही. तसे सक्षम न्यायालयाने जाहीर करावे लागते. कलम २३ उपचारांची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क देते. कलम १०५ सांगते की न्यायालयात आजाराचा पुरावा दाखल झाला आणि दुसऱ्या बाजूने त्याला हरकत घेतली, तर न्यायालयाने तो मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे तपासायला पाठवावा. आमच्या मुलींना हे कलम कोणी सांगत नाही.

आजार लपवून लग्न लावून देणारी घरे असतात. त्यात नवऱ्यावर अन्याय होतो आणि त्याला दाद मिळायलाच हवी. ती मागताना आजार कधी सुरू झाला, किती तीव्र होता, कोणी काय लपवले हे सरळ लिहिता येते. 'वेडसर' लिहून यातले काहीच सिद्ध होत नाही.

सर्वांत मोठे नुकसान न्यायालयाबाहेर होते आहे. मुली गोळ्या बंद करतात. चिठ्ठी सापडली तर पुरावा होईल या भीतीने कोणी नाव बदलून केसपेपर काढते, कोणी माहेरी गेल्यावरच औषध घेते. औषध तुटले की आजार उलटतो, भास परत सुरू होतात, आणि अर्जात लिहिलेले खरे करून दाखवल्यासारखे होते. उपचार घेणे हीच बाब जिच्याविरुद्ध वापरली जाते, तिला आम्ही 'गोळी चुकवू नकोस' असे कोणत्या तोंडाने सांगायचे?

आपल्या प्रशासकीय अधिकारात एक परिपत्रक निघू शकते. अर्जात आजाराचा उल्लेख निदानाच्या नावाने आणि घडलेल्या घटनांसह असावा, 'वेडी', 'वेडसर' अशी विशेषणे दुरुस्त करून मागावीत. कलम १०५ ची आठवण न्यायाधीशांनी जाबदाराला स्वतःहून करून द्यावी. आणि १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रीला मोफत वकील मागता येतो, ही ओळ जिल्हा प्राधिकरणाच्या पत्त्यासह नोटिशीच्या पहिल्या पानावर मराठीत छापावी.

आपली नम्र,
स्वमदत गटातील एक कार्यकर्ती