‘सीपॅप कुठूनही घ्या’ म्हणणाऱ्यांस

ज्येष्ठ नागरिकांच्या सभांमध्ये हल्ली एक तज्ज्ञ हमखास भेटतात. उभा जन्म कुठल्या तरी कचेरीच्या खरेदी विभागात गेलेला असतो, त्यामुळे तीन दरपत्रकं मागवायची आणि सर्वांत खालचं मंजूर करायचं, की जगातला कोणताही प्रश्न सुटतो, अशी त्यांची श्रद्धा असते. अशाच एका गृहस्थांनी परवा स्लीप अ‍ॅप्नियाच्या रुग्णांना सीपॅप यंत्र कसं घ्यावं यावर मार्गदर्शन केलं. माना डोलल्या. काहींनी वहीत उतरवूनही घेतलं. म्हणून हा लेखनप्रपंच.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : सीपॅप म्हणजे हवा फुंकणारा पंखा. मिक्सर घेताना आपण कंपनी बघतो, वॅट बघतो आणि ऑनलाइन स्वस्तात मिळेल तो मागवतो, तसंच हे. ऑटो यंत्र दाब आपला आपण ठरवतं, तेव्हा टेक्निशियनची गरज नाही. मास्क कसा बांधायचा ते व्हिडिओत दिसतं. पुरवठादार म्हणजे डॉक्टरचा दलाल. आणि आणखी पैसे वाचवायचे तर वापरलेलं यंत्र घ्यावं, कोविडनंतर बाजारात ढिगानं पडली आहेत. टाळ्या पडल्या. पडणारच. तीस-चाळीस हजारांपासून साठ-सत्तर हजारांपर्यंत किंमत असलेली आणि बहुतेक आरोग्य विम्यांत न बसणारी वस्तू स्वस्तात घ्यायला सांगणारा माणूस कोणाला आवडणार नाही?

या भाषणात एक आकडा मात्र आला नाही. झोपेत घशाची वाट मिटते, श्वास दहा सेकंद किंवा अधिक अडतो, रक्तातला प्राणवायू उतरतो, मेंदू दचकून जागा होतो, पुन्हा डोळा लागतो आणि पुन्हा तेच. श्वास असा अडणं किंवा मंदावणं तासाला सरासरी किती वेळा घडतं, तो आकडा म्हणजे एएचआय. ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० आणि वर तीव्र. यंत्र कोणतं, घशाची वाट उघडी ठेवायला हवेचा दाब किती, मुळात यंत्र हवं का, हे सगळं या आकड्यापासून सुरू होतं. गृहस्थांनी सवलतीची टक्केवारी तेवढी दोनदा सांगितली.

आता मिक्सरचं बघू. मिक्सर तोंडाला बांधून कोणी झोपत नाही.

या उपचाराचा इतिहासच या मुद्द्यावर बोलका आहे. १९८१ साली सिडनीच्या कॉलिन सुलिव्हान यांनी ‘लॅन्सेट’मध्ये पाच रुग्णांवरचा अनुभव छापला आणि सीपॅपचा जन्म झाला. हवा फुंकायला त्यांनी सुरुवातीच्या काळात व्हॅक्यूम क्लीनरची मोटर वापरली. म्हणजे गृहस्थांचा लाडका ‘पंखा’ पहिल्या दिवसापासून सोपाच होता, बाजारात मिळत होता. अवघड होता तो मास्क. प्रत्येक रुग्णाच्या नाकाचा साचा घेऊन तो बनवावा लागे आणि रोज रात्री सिलिकोननं चेहऱ्यावर अक्षरशः चिकटवावा लागे. त्यानंतर चार दशकं गेली. मोटर मुठीएवढी झाली, आवाज कुजबुजीइतका झाला, पण माणसाचं नाक काही प्रमाणित झालं नाही. कोणाचं बसकं, कोणाचं गरुडाचं, कोणाचा पडदा सरकलेला. कोणाला भरघोस मिश्या, आणि त्या काढायच्या म्हणजे घराण्याची अब्रू जायची. कोणी झोपेत तोंड उघडं टाकतो, त्याला फक्त नाकावरचा मास्क दिला की हवा नाकातून शिरते, तोंडातून निघून जाते आणि सकाळी घसा वाळवंट झालेला असतो.

कवळीवाल्यांची गत तर कोणी विचारातच घेत नाही. दुकानात बसून, दात लावून, हसतमुखानं मास्कचं माप दिलं जातं. रात्री कवळी वाटीत जाते, गाल आत बसतात आणि तोच मास्क दोन्ही कडांनी फुसफुसू लागतो. वर जाणारी हवा थेट डोळ्यांत. माणूस काय करतो? पट्ट्या आवळतो. नाकाच्या दांड्यावर लाल वळ उठतो, चार दिवसांत तिथली कातडी सोलवटते. शेजारी झोपलेली बायको म्हणते, “अहो, त्यापेक्षा तुमचं घोरणं बरं होतं.” पाचव्या दिवशी यंत्र पिशवीत आणि पिशवी कपाटावर. यंत्र उत्तम, कंपनी नामांकित, सूट भरघोस, उपचार शून्य. हा प्रकार मी इतक्या घरांत पाहिला आहे, की कपाटावरची ती करड्या रंगाची पिशवी मला लांबूनच ओळखू येते.

यावर इलाज अगदी साधा आहे आणि तो व्हिडिओत नाही. रुग्णाला आडवं झोपवायचं, यंत्र त्याच्या दाबावर सुरू करायचं, कुशीवर वळायला सांगायचं, कवळी काढायला लावायची आणि मग मास्क तपासायचा. नाही जमला तर दुसरा आकार, नाही तर दुसरा प्रकार : नाकावरचा, नाकपुड्यांत बसणारा, नाक-तोंड दोन्ही झाकणारा. ज्या दुकानात हे प्रकार हाताशी आहेत, एक खाट आहे आणि ‘पंधरा दिवसांत जमला नाही तर बदलून देऊ’ म्हणणारा माणूस आहे, त्यानं चार हजार जास्त घेतले तरी ते लुटणं होत नाही. ऑनलाइन मागवलेल्या मास्कचं पाकीट एकदा फोडलं, की तो बहुधा परत घेतला जात नाही; आरोग्याच्या दृष्टीनं ते बरोबरच आहे. मग दुसरा मास्क आला, पाच-सात हजार गेले. दरपत्रकात हा खर्च कोणत्या रकान्यात दाखवायचा, ते खरेदी विभागच जाणे.

आणखी एक प्रश्न समोर बसलेला चांगला पुरवठादार विचारतो, मोबाइलचा पडदा कधीच विचारत नाही : घरात कोणाला पेसमेकर आहे का? पुष्कळ मास्कच्या पट्ट्यांना चुंबकी क्लिपा असतात. हृदयात किंवा डोक्यात बसवलेल्या काही उपकरणांजवळ त्या येऊ देऊ नका, असा इशारा मोठ्या कंपन्यांनी स्वतःच दिलेला आहे, आणि तो रुग्णापुरता नाही; त्याच अंथरुणावर झोपणाऱ्यालाही लागू आहे.

मला इथं जुना वाद आठवतो. कानाच्या यंत्रावरून याच पंथातल्या मंडळींशी माझी खडाजंगी झाली होती. तेव्हाही हेच : आवाज मोठा करणारी डबी, तिला ऑडिओलॉजिस्ट कशाला? मंडळींनी हजार-दीड हजाराच्या डब्या मागवल्या. त्यांत पंख्याची घरघर मोठी झाली, कुकरची शिट्टी मोठी झाली, नातवाचं बोलणं होतं तिथंच राहिलं. मग निष्कर्ष निघाला की ‘कानाच्या यंत्रांचा काही उपयोग नसतो’. चुकीच्या पद्धतीनं वस्तू घ्यायची आणि मग त्या उपचारालाच नावं ठेवायची, ही यांची रीत. त्याच्याही आधीचा एक वाद घोरण्याचा. घोरणं हे गाढ झोपेचं लक्षण, असं छातीठोकपणे सांगणारे आमचे एक शेजारी दुपारी वर्तमानपत्र धरून बसल्या बसल्या डुलक्या घेत आणि संध्याकाळी गाडी चालवत. त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. वाद अर्ध्यावर आला की ते झोपत.

असो. ‘ऑटो’ या शब्दानं मात्र पुष्कळांची बुद्धी ऑटोवर टाकली आहे. ऑटो सीपॅप श्वासाचा प्रवाह बघून दाब वरखाली करतं, हे खरं. पण कारखान्यातून ते साधारण ४ ते २० सेंटिमीटर पाण्याच्या दाबाच्या सताड उघड्या पट्ट्यात येतं. काहींना ४ वर गुदमरल्यासारखं होतं आणि ते पहिल्या दहा मिनिटांतच मास्क ओरबाडून काढतात. मास्क गळत असेल तर यंत्राचीही दिशाभूल होते. आणि ज्याला हृदय निकामी होण्याचा त्रास आहे, फुप्फुसाचा जुना विकार आहे किंवा ज्याचा श्वास घसा मिटल्यानं नव्हे तर मेंदूचा हुकूमच न आल्यानं थांबतो, अशा माणसाला घरपोच ऑटो यंत्र देणं म्हणजे अंधारात तीर मारणं. याच कुळातलं एएसव्ही नावाचं अधिक हुशार यंत्र आहे. अशा केंद्रीय प्रकारच्या अ‍ॅप्नियासोबत हृदयाची पंप करण्याची ताकद बरीच घटलेल्या रुग्णांवर त्याची मोठी चाचणी झाली. २०१५ मध्ये निष्कर्ष आले : ज्यांना यंत्र दिलं, त्यांच्यात हृदयविकारानं होणारे मृत्यू जास्त निघाले. हुशार यंत्र चुकीच्या माणसाला लावलं तर काय होतं, ते याहून स्पष्ट कोणी सांगायला नको.

शिवाय यंत्र रोज रात्रीची नोंद ठेवतं. किती तास लावलं, हवा किती गळाली, श्वास अजूनही किती वेळा अडतो, सगळं त्यात असतं. पण ते वाचायचं कोणी? अमेरिकेत मेडिकेअर ही सरकारी विमायोजना यंत्र एकदम विकत देत नाही. तेरा महिन्यांच्या भाडेपद्धतीनं देते आणि पहिल्या तीन महिन्यांत सलग तीस दिवसांच्या एखाद्या टप्प्यात सत्तर टक्के रात्री किमान चार तास यंत्र लागलं का, ते तपासते. अट जाचक आहे, यंत्र काढून घेतलं जाण्याची भीती घालणारी आहे, तिच्यावर टीकाही होते. पण पहिल्या महिन्यात कोणाचं तरी लक्ष हवं, एवढं तरी तिथल्या कारकुनांना कळलं. आपल्याकडे पैसे आपले, यंत्र आपलं, आणि विचारणारं कोणी नाही. मग निदान विकणाऱ्यानं विचारावं अशी अपेक्षा ठेवली तर ती चैन ठरते.

वापरलेल्या यंत्राबद्दल एकच सांगतो. जून २०२१ मध्ये फिलिप्सनं आपली लाखो सीपॅप आणि बायपॅप यंत्रं जगभरातून परत बोलावली, कारण आवाज दाबण्यासाठी आत बसवलेला फोम झिजून त्याचे कण श्वासावाटे जाण्याचा धोका होता. आपलं यंत्र त्यांत आहे की नाही, हे सीरियल नंबरवरून कळत होतं. कोणाकडून तरी, बिलाशिवाय, पिशवीत घालून आणलेल्या यंत्राचा मालक कंपनीच्या लेखी अस्तित्वातच नसतो. भाच्यानं परदेशाहून येताना आणलेल्या यंत्राचीही इथल्या वॉरंटीपुढं बहुधा तीच गत.

दलालीचा आरोप? तो खरा आहे. म्हणजे अर्धा खरा. डॉक्टर एकाच दुकानाची चिठ्ठी देतात, हे घडतं. त्याहून वाईट म्हणजे काही ठिकाणी विकणाराच घरी येऊन स्लीप स्टडी करतो, विकणाराच रिपोर्ट छापतो आणि त्या रिपोर्टात यंत्र लागतच नाही असा माणूस मला अजून भेटायचा आहे. कुंपणानंच शेत खायचं ठरवलं की पीक दरवर्षी यंत्राचंच येणार. पण गृहस्थांचा उपाय काय? ओळखीचा दलाल टाळण्यासाठी अनोळखी दुकानदार, ज्याला तुमचा एएचआयही ठाऊक नाही. वैद्य बदलायचा सोडून वैद्यकच हद्दपार करायचं, याला काटकसर म्हणत नाहीत.

मग घ्यावं कुठून? तपासणी विक्रेत्याशी संबंध नसलेल्या डॉक्टरकडून करून घ्यावी आणि त्यांनी यंत्राचा प्रकार, दाब, मास्क हे चिठ्ठीवर लिहून द्यावं. वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ खाली विक्रेत्याकडे एमडी-४२ ची नोंदणी किंवा औषधविक्रीचा परवाना असावा लागतो. महाराष्ट्रात हे काम अन्न व औषध प्रशासनाकडे आहे. कागद दाखवा म्हणण्यात संकोच कसला? निदान महिनाभर यंत्र भाड्यानं मिळतं का ते विचारावं, कारण भाड्यानं देणाऱ्याला तुम्ही यंत्र खरंच वापरलं पाहिजे याची गरज असते. पक्क्या बिलावर सीरियल नंबर हवा. नोंदींचा रिपोर्ट पंधरवड्यानं डॉक्टरकडे जाईल हे कबूल करून घ्यावं. फिल्टर आणि मास्कच्या गाद्या वर्षभरानंतरही मिळतील का, तेही. यापलीकडे मला फार गूढ सांगायचं नाही.

मुंबई-पुण्यात हे बोलणं सोपं आहे, हे मलाही कळतं. भामरागडच्या किंवा दोडामार्गच्या माणसाला खाट ठेवणारा पुरवठादार कोपऱ्यावर मिळणार नाही, त्याला पार्सलच घ्यावं लागेल. त्यानं पैसे पाठवण्याआधी दुकानदाराला फोन करावा आणि विचारावं : मास्क जमला नाही तर बदलून द्याल का, पहिल्या आठवड्यात व्हिडिओ कॉलवर मास्क बघाल का, रात्री वीज गेली आणि यंत्र इन्व्हर्टरवर चालवायचं झालं तर हवा ओलसर करणारा ह्युमिडिफायर बंद ठेवू का? समोरचा उत्तर देण्याऐवजी आजच्या आज बुकिंग केल्यास किती सूट आहे ते सांगू लागला, तर फोन ठेवून पुढचा नंबर लावावा.